तिसरी जोडी

कोयलीच्या चिमण्या मागे पडल्या की
तुरीच्या शेतांत कुंपण घातलेलं आमचं मीटरिंग स्टेशन.
तिथे पाइपात आठ जण राहतात,
चार जोड्या, समोरासमोर, तिरक्या.
एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो,
मग दुसरा बोलतो.
वाऱ्यासोबत निघालेला आवाज जरा लवकर पोचतो,
वाऱ्याविरुद्धचा जरा उशिरा.
त्या उशिराचंच पुढे बिल होतं.

आठ दिवस तिसऱ्या जोडीचा गेन चढतोय.
बाकीच्यांना बेचाळीस पुरतात, हिला एकाहत्तर.
म्हणजे मीटर ओरडतंय
आणि समोरून जेमतेम 'हं'.

"सरपोतदारबेन, केबल हशे," पढियार म्हणाला.
पढियारचं नेहमी केबलच असतं.
केबल बदलली. कार्ड बदललं.
एकाहत्तर.

मग दोन्हीकडच्या झडपा बंद, मधला दाब व्हेंटवाटे सोडला.
शिट्टी आधी जाड, मग बारीक,
मग कुणी झोपेत श्वास सोडावा तशी.
इथल्या गॅसला अजून वास नसतो,
वास पुढे मिसळतात, शहरात शिरताना.
म्हणून नाकावर नाही, डिटेक्टरवर भिस्त.
शून्य. पुन्हा शून्य. मग पाना.

दुसऱ्या जोडीतला एक तिसरीत, तिसरीतला दुसरीत,
आणि दाब परत चढवला.
दोष जागेवर राहिला तर जागेचा,
सोबत चालत गेला तर ज्याचा त्याचा.
चालत गेला.

पुन्हा शिट्टी. पुन्हा शून्य.
काढला तेव्हा तोंडावर काळं तेल,
कुठल्याशा कंप्रेसरचं, शेकडो मैल गॅससोबत आलेलं.
पुसलं. मल्टिमीटर लावला. कपॅसिटन्स निम्मी.
आत स्फटिकाला तडा असणार,
बाहेरून अगदी शहाणा.

नव्या डब्यात दोन, आणि दोघांचा मिळून एकच कागद.
एकट्याला बदलता येत नाही.
जोडीचा अंगभूत उशीर जोडीचाच लिहिलेला असतो,
तोच मीटरला सांगायचा, शेवटच्या दशांशापर्यंत.
म्हणून समोरचाही काढला.
त्याला काही झालं नव्हतं.
मी दोनदा तपासलं.

नव्या ओ-रिंग, बोटावर ग्रीस, खुणेला खूण.
दाब भरला आणि झडपा बंदच ठेवल्या.
आता पाइपात वारा नाही,
जायला लागतो तेवढाच वेळ यायला.
सेकंदाला चारशे अठरा मीटर, चारी जोड्या म्हणाल्या;
पॉइंटनंतर किंचित मतभेद,
तेवढे चालतात.
पढियारने थर्मास उघडला
आणि काहीही वाहत नसल्याची खात्री करत
आम्ही अर्धा तास बसलो.
पगारातलं हे माझं सगळ्यात आवडतं काम.

स्टोअरमध्ये राठवाभाईंच्या वहीत रकाने दोनच:
चालू, बाद.
पहिला बाद. सही केली.
दुसरा माझ्या हातात, गार, अंगठ्याहून थोडा मोठा.
"लखो ने, बेन. साडेपाच थया."
मी दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहिलं:
चांगला आहे.
राठवाभाईंनी चष्मा वर केला, वाचलं,
आणि खाली गुजरातीत भर घातली: पण एकलो.

मग खालचा खण ओढला.
तिथे असे अकरा होते,
वेगवेगळ्या सालांचे, वेगवेगळ्या पाइपांतले,
कागदात नीट गुंडाळलेले.
बारावा ठेवला.
तो खण गुडघ्याने ढकलूनच बंद होतो.