झाड पडल्याची खबर

सिल्व्हर ओक म्हणतात, पण ओक नव्हे ते.
नुसतं नाव लागलंय, दत्तक पोराला लागतं तसं.
पाचगणीच्या वळणांना, शाळांच्या कंपाउंडांना
साहेबाच्या काळापासून उभं.
पान खालून चंदेरी, लाकूड गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचं.
करवतीला मऊ,
आणि भिरुडालाही.

इस्माईलचाचा नालबंद खोडाला कान लावायचे,
सौद्याआधी, चहाच्याही आधी.
उलट्या कुऱ्हाडीचा एक ठोका. मग गप्प.
"आहे," म्हणायचे. नाहीतर "नाही."
मी टेप धरून उभी,
वखारवाल्याची थोरली, दहावी नापास.
विचारलं, आहे म्हणजे अळी नेमकी कुठं?
त्यांनी सालीत नख रोवलं.

आधी इथं. साल आणि लाकूड यांच्या मधे,
पापड सरकेल एवढ्या फटीत,
झाडाचं पाणी वाहतं तिथंच.
"लहानपण सगळ्यांचं ओलीतच जातं, पोरी."
मग जबडा घट्ट झाला की आत,
पांढऱ्या लाकडातून तिरकी,
गाभ्याच्या कडेकडेनं वर.
पाय नाहीत. डोळे असून नसल्यासारखे.
तोंड तेवढं काळं, अडकित्त्यासारखं.
पुढचं खायचं, मागं भुसा ठासत जायचं;
परतीची वाट ठेवायचीच नाही.
घर म्हणाल तर तिच्याच अंगाच्या मापाचं,
दिवसाला ज्वारीच्या दाण्याएवढं पुढं सरकणारं.

चाचा ज्याला "नाही" म्हणाले
त्या ओंडक्याचा पलंग झाला,
साताऱ्याला, शाहूपुरीत गेला, कुंदा बाबरच्या लग्नात.

नऊ वर्षांनी फोन.
पायाला भोक पडलंय, पेन्सिल जाईल एवढं.
खाली पिठाची ढिगोळी.
रात्री कर्र, कर्र यायचं बाई,
नवरा म्हणायचा, तूच दात खातेस.

रॉकेलची सिरिंज, मेण, तार घेऊन मी एसटीनं गेले.
चाचांना जाऊन तोवर चार वर्षं झालेली.
भुंगेरा खिडकीच्या जाळीवर होता,
तपकिरी, मिशा अंगाहून लांब,
जाळीपल्याड अजिंक्यतारा.

भोकात तार घातली. वीतभर गेली, वळली,
पुन्हा वळली, अडली.
बिनपायाची ती, पलंगाच्या पायात,
किती हिंडली असेल!
त्या लाकडाला करवत लागली, रंधा लागला,
पॉलिश चढलं, वर गादी आली,
दोन बाळंतपणं झाली,
एक भांडण महिनाभर चाललं,
आणि आत, तिच्यापुरतं,
झाड उभंच होतं.
कुणी खबर दिली नव्हती.
पाणी तेवढं येईना. वाटलं असेल,
यंदा दुष्काळ लांबला.
आता साल लागेल, आता लागेल,
करत कडेला आली तर पॉलिश.
तेही कुरतडलं.

कुंदाच्या हातात चप्पल. "मारू?"
मी जाळी सरकवली.
धड उडता येईना त्याला,
शेजारच्या टाकीवर आपटला, सावरला,
मग दिसला नाही.
सिरिंज पिशवीतच राहिली.
भोक मेणानं बुजवलं. वीस रुपये घेतले.

चाचांचा कान चुकला होता,
की ऐकूनही ते "नाही" म्हणाले होते?
कुणाला विचारणार.

निघताना पलंगाच्या दुसऱ्या पायाला
मी बोटाच्या पेरानं एक ठोका दिला,
कान लावला.
कुंदानं श्वास धरलेला.
"आहे?"
मी उठले, गुडघे झटकले.
"नाही," म्हटलं.