पाण्याचा उतार

रास अल खैमात, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर
एकशे बारा व्हिला उठणार आहेत.
आज एकच उभा आहे, नमुन्याचा.
पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत शिरायचं.
बाहेर सत्तेचाळीस, आत अठरा,
आणि उन्हातून आल्यामुळे डोळ्यांपुढे नुसता काळोख.
पहिलं अर्धं मिनिट इथे कुणालाच काही दिसत नाही.
तेवढ्यात रोवेना पुदिन्याचं पाणी हातात देते
आणि म्हणते, "संगमरवर इटलीचा, सर."

इटलीबद्दल माझं काही म्हणणं नाही.
माझं म्हणणं त्याच्या खालच्या सिमेंटबद्दल.

मी गुडघ्यावर बसतो, खिशातून एक दिरहॅम काढतो,
कॉफीच्या किटलीचं चित्र असलेला,
आणि फरशी वाजवत सरकतो.
टक. टक. टक. टक.
टप.
इथे पोकळ.

हे मला दाभोळच्या हुसेन परकारांनी शिकवलं,
शारजात, मी कोरा डिप्लोमावाला असताना:
"कलिंगड घेतोस ना, तशी घे. बघू नको, ऐक."
सिमेंटनं त्यांच्या बोटांचे ठसे खाल्ले होते.
विमानतळावरचं यंत्र दर खेपेला त्यांना नाकारायचं
आणि ते हसून दुसरा अंगठा पुढे करायचे,
मग तिसरं बोट, मग चौथं.

शर्वरी प्रभुदेसाईंनी एव्हाना फ्रिज उघडून पाहिलाय.
आत पुठ्ठ्याचं दूध, मेणाची द्राक्षं.
कपाटातल्या पुस्तकांना फक्त पाठी आहेत.
त्या मोबाईलवर होकायंत्र लावून ईशान्य शोधतात,
सापडते, हात जोडल्यासारख्या थबकतात.
"मॅडम, तुमचा प्लॉट आरशातला," रोवेना हळूच सांगते,
"हे सगळं उलटं धरायचं."
मकरंद प्रभुदेसाई उलटं धरून पाहतात.
जिना त्यांच्या मनात कुठेतरी भिंतीवर आपटतो.

मी दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवतो.
रंग नाही. तिथे कुणी पाहत नाही म्हणून नाही.
खिडकीच्या सिलिकॉनमध्ये मात्र
एक अंगठा स्वच्छ उमटलाय, रेघ न् रेघ.
नवा पोरगा असणार.
यादीत "फिनिशिंग सदोष" असं लिहिलं,
बराच वेळ त्याच्याकडे पाहून मग लिहिलं.

वरच्या मजल्यावरची न्हाणी.
नळ सोनेरी, आणि कोरडे. जोडणी नाही.
"नमुन्याच्या घरात कोण आंघोळ करणार, सर?"
मी पिशवीतली बाटली काढली
आणि पुदिन्याचं नव्हे, साधं पाणी
शॉवरखाली ओतलं.

पाणी थांबलं. जरा विचारात पडलं.
मोरीकडे एकदा बघून घेतल्यासारखं केलं
आणि निघालं दाराकडे,
उंबरठा ओलांडून, लाकडी जमिनीवरून,
थेट त्या पांढऱ्या पलंगाखाली,
जिथे कधी कुणी झोपलेलं नाही.

रोवेना टिश्यूचा डबा घेऊन खाली बसली.
इस्त्रीचा स्कर्ट, उंच टाचा, ओले गुडघे.
आता आम्ही दोघं एका उंचीवर होतो.
पुसता पुसता म्हणाली,
"नखीलला एका खोलीत आम्ही सहाजणी राहतो.
पण न्हाणीतलं पाणी बरोबर जातं, सर."
आणि मग, आणखी हळू, "रिपोर्टमध्ये लिहिणार?"

एक्केचाळीस मुद्दे झाले.
बेचाळिसावा लिहायला पेन उघडलं होतं, मिटलं, पुन्हा उघडलं.

बाहेर आलो तशी दमट हवा
चष्म्याच्या काचांवर येऊन बसली.
समुद्र गेला, क्रेन गेल्या,
उरलेल्या एकशे अकरा व्हिलांचे खड्डे गेले.
त्या धुक्यात शर्वरीबाईंचा आवाज:
"पण घर चांगलं आहे ना हो? पहिला हप्ता भरलाय आम्ही."
मी म्हणालो, "हो."

चष्मा पुसून झाल्यावर म्हणालो,
"वरची न्हाणी फोडून पुन्हा करून घ्या."