बारा तास काळोख

साउनाच्या बाकावरून आधी तू
माझे टॉवेल काढलेस, वेइक्को,
मग बर्चच्या डहाळ्यांची जुडी,
मग लाकडी बादली आणि तिचा डाव.
शेवटी बाकही.
भिंतींना चकचकीत पांढरं प्लास्टिक ठोकलंस
आणि चार कुंड्या खाली नेल्यास.
कायद्याने चारच, म्हणालास,
जशी काही पाचवी मी मागणार होते.

त्याच वर्षी माझ्या कमरेत नवा सांधा बसला,
तळघराच्या तेरा पायऱ्या
माझ्यापुरत्या संपल्या.
तू मात्र दिवसातून सहा वेळा खाली,
आणि वर येऊन बातम्या सांगायचास:
चोवीस अंश.
दमटपणा पंचेचाळीस.
दिवा वीतभर वर घेतला, शेंडे करपत होते.
माझा ताप तू कधी एवढा मोजला नाहीस.
(खोटं आहे हे. मोजलास एकदा,
लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात,
रात्रभर.)

ऑक्टोबरात फुलं धरायला लागली
तसा तू काळोख पाळायला लागलास.
संध्याकाळी सात ते सकाळी सात.
दाराच्या फटीला काळी टेप,
पंख्यावरच्या हिरव्या ठिपक्याला टेप,
कुलपाच्या भोकात कापूस.
काजव्याएवढा उजेड शिरला तरी
झाडं गोंधळतात म्हणे,
त्यांना वाटतं उन्हाळा परत आला,
आणि फुलायचं सोडून पुन्हा पानं काढत बसतात.
मी वर खिडकीशी, बर्फाच्या उजेडात,
काहीच बोलले नाही.

मग नोव्हेंबरात सरोवरावरून वादळ आलं.
साडेनऊला वीज गेली.
फ्रिज गप्प झाला,
समोरचं कोस्केलांचं घर पुसलं गेलं.
तळघर सतरावर, मग बारावर, मग नऊवर.
तू जिन्यात उभा, हातात टॉर्च,
पण लावायची हिंमत नाही.
हीटर विजेवर, म्हणालास, सगळंच विजेवर, हेल्मी.
मी विचारलं,
शेगडीचं धुराडं कापलंस का रे?

नव्हतंस कापलं.

मी बसून उतरले, एकेक पायरी,
लहान मुली उतरतात तशी.
तू लाकडं रचलीस, बर्चची साल पेटवलीस.
शेगडीच्या दाराला चीर होती,
तिच्यातून एक लाल रेघ
थेट पहिल्या कुंडीवर.
घोंगडी धरलीस, करपली.
मग आपण दोघंच बसलो तिथे,
शेगडीकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून,
उजेड अडवत.
समोर चार झाडं, दिसत नव्हती,
पण वास येत होता, राळेचा, ओल्या मांजराचा,
कुणीतरी लिंबू सोलल्यासारखा.
माझी पाठ भाजत होती, नवा सांधा ऊबदार झाला होता.

बादली कुठंय, मी विचारलं.
नाही, म्हणालास. वाफेने बुरशी धरते.
एक डाव.
नाही.
बराच वेळ वारा चिमणीत घोगरा बोलत राहिला.
मग तू उठलास.
अर्धा, म्हणालास.

दगड फुसफुसले. त्या वाफेला माझी आई
श्वास म्हणायची. तो येऊन
आपल्या मानेवर बसला,
आणि झाडांवरही बसला असणार.

नाताळाच्या आधी दोन फुलं राखाडी पडली.
कात्रीने कापलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस.
या खेपेला खाली तीन कुंड्या आहेत
आणि चौथीच्या जागी बाक.
टॉवेल मी अजून वरच ठेवलाय.
माग म्हणावं.