खाली फक्त पाय ऐकू येतो

आधी मी वायर मायक्रोफोनच्या भोकात खुपसली.
आवाज आला तो डबीत कोंडलेल्या डासाचा.
दुकानातला पोरगा हसला नाही, एवढं मानलं पाहिजे.
दोन खुंट्यांचं लाल खोकं काउंटरवर ठेवून म्हणाला,
आजोबा, गिटार ह्याच्यात, हे कॉम्प्युटरात.

मग उशीर.
तार छेडली की ती कानात
जिना चढून, दम खात यायची.
एकतीस वर्षं माग दुरुस्त केले मी, वूचच्या गिरणीत.
धोटा केसभर उशिरा सुटला
तर सूत तुटायच्या आधी मला कळायचं.
इथे पिळायला स्क्रू नाही. एक आकडा आहे.
तो कमी केला तर आवाज वेळेवर येतो
पण तडतडतो, ओल्या लाकडासारखा.
मधला आकडा सापडेपर्यंत नोव्हेंबर गेला.

बटण दाबायचं, मग हात गिटारवर न्यायचे,
तेवढ्यात यंत्र चार टिकटिका देतं.
तीन टिकांत मी चष्मा सावरतो,
चौथीला बोटं भलत्याच पट्टीवर.
पडद्याकडे तोंड केलं की गुणगुण वाढते
म्हणून त्याच्याकडे पाठ करून बसतो,
खिडकीसमोर, जिथे बर्फात
कुणाच्या तरी सायकलचं हँडल तेवढं वर आहे.

रात्री अकराला दार वाजलं.
खालच्या व्येस्वावाबाई, अंगात नवऱ्याचा कोट.
"ठोकताय काय इतक्या रात्री?"
म्हटलं, गिटार वाजवतोय.
"कुठली गिटार? ठक् ठक् ठक्. तासभर."
हेडफोन माझ्या गळ्यात लोंबत होते.
सूर सगळे माझ्या डोक्यात,
आणि बाईंच्या छतावर नुसती माझी टाच.

त्यांनाच खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले.
त्या सूतकताईत होत्या, दुसऱ्या पाळीला.
डोळे मिटून ऐकलं.
"तिसऱ्या ओळीत घाई करता," म्हणाल्या.
खरं होतं.
"पण स्वच्छ आहे हो. धुतल्यासारखं."

सकाळी पुतणीच्या मुलीला पाठवलं, ग्दान्स्कला.
किंगाचा फोन: "मस्तय. पण मागे सतत सिस्स येतंय,
बारीक, गॅस सुटल्यासारखं. तुम्हाला नाही ऐकू येत?"

नाही.
आवाज वाढवला, आणखी वाढवला. नाही.
पडद्यावर मात्र होतं:
स्वर संपल्यावरही सपाट न होणारी रेघ,
कापडावर उरते तशी लव.
बाईंना वर बोलावलं. त्यांनाही नाही.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
एवढा बारीक आवाज गिरणीने आमच्याकडून नेमका कधी नेला
हे कुणाच्या पगारपत्रकावर नव्हतं.
बाई म्हणाल्या, चहा टाका.

मग किंगाने सांगितलं तशी खूण केली,
आणि ती लव डोळ्यांनी उपटून काढली.
जे मला कधी ऐकू आलं नाही
ते आता येत नाही.
फरक पडला का, ते तिला विचारा.

टाचेखाली मी घोंगडीची चौपदरी घडी ठेवली आहे.
बाई म्हणतात, आता पुष्कळ कमी येतं.
फक्त तिसऱ्या ओळीतली घाई
अजून कळते.