भुवई

पेपरांवरच्या नावांवर मी पिवळ्या चिकटपट्ट्या लावते.
एकतीस पेपर, एकतीस पट्ट्या.
उजवंडावं करायचं नाही, हा माझा नेम,
आणि दर सप्टेंबरात पहिल्याच तासाला
मी तो जरा जास्तच मोठ्यानं सांगते.

प्रश्न खाणीचा होता.
डुलुथच्या उत्तरेला, दलदलीच्या कडेला
तांब्याची नवी खाण व्हावी की न व्हावी.
कोणतीही बाजू घ्या, असं खाली छापलं होतं.
ठळक अक्षरांत.

सव्विसावा पेपर वाचता वाचता कॉफी निवली.
काय लिहिलं होतं!
‘पाण्याला मालक नसतात, वारस असतात.’
मी दोनदा रेघ ओढली
आणि समासात लिहिलं:
इथे तुला तुझा स्वतःचा आवाज सापडलाय.
अठ्ठ्याण्णव.

पट्टी सोलली.
आर्लो निएमी.

एव्हेलेथचा. खिडकीशी बसतो,
बापाचं युनियनचं जाकीट घालतो, कोपरात विरलेलं.
ऑक्टोबरात एकदाच उभा राहिला होता:
प्रोफेसर, तुमच्या फोनमध्ये तांबं आहे.
आमच्या गावचं नको, तर मग कुणाच्या गावचं?
मी म्हणाले, वेगळा विचार आहे. अजून कुणी?
आणि अजून कुणीतरी होतंच. असतंच.

त्याच गुरुवारी तो वही विसरून गेला.
कुणाची आहे बघावं म्हणून उघडली.
(खोटं. कुणाची ते माहीत होतं.)
तारखा, मुद्दे, नीटस अक्षर,
आणि समासात प्रत्येक मुद्द्याशेजारी एक बारीक कमान.
कुठे आडवी, कुठे एका टोकाला उचललेली,
जसा तलावापलीकडचा डोंगर.
तीन पानं मला वाटलं, पोरगा कंटाळून डोंगर काढतोय.

मग मलपृष्ठाच्या आत सापडली खूणसूची:
आडवी – चालेल.
डावं टोक वर – बोलू नये.
दोन्ही वर – विषय सोड.

मी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिले
आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, खाण हवी.
डावं टोक वर गेलं.

ते पाण्याचं वाक्यही वहीत होतं.
चौदा ऑक्टोबर, अवतरणात, पुढे माझी आद्याक्षरं.
मी बोलले होते म्हणे. मला आठवत नाही.
आवडलं मात्र खूप.

बावीस वर्षांत मी कुणाचा एक मार्क कापला नाही,
शपथेवर सांगेन.
कापायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती.

वही परत द्यायला त्याला ऑफिसात बोलावलं.
विचारलं, जे लिहिलंस ते तुला खरंच वाटतं?
तो माझ्या कपाळाकडे बघत राहिला थोडा वेळ.
मग, अगदी मायेनं, आजारी माणसाशी बोलावं तसं:
तुम्ही चांगलं शिकवता, प्रोफेसर.
पण घराबाहेर पडताना माणूस हवामान बघतोच ना.
स्कॉलरशिपला नव्वद लागतात.

खाण नको, हे मला अजूनही वाटतं.
रात्री दोनलाही तेच वाटत होतं, आकडे तेच होते,
नदीही तिकडेच वाहत होती.
फक्त एकतीस पेपर मी पुन्हा काढून वाचले.
एकोणतीस जण माझी री ओढत होते.
एकीनं चुकून वेगळाच प्रश्न सोडवला होता.
एकजण खाणीच्या बाजूनं होता खरा,
पण इतका भीत भीत, इतकं वाईट
की मार्क देताना मला किती हलकं वाटलं होतं!
एकाहत्तर. बघा, नापास नाही केलं.

सोमवारी जाऊन केस कापून घेतले,
कपाळावर झालर, भुवया झाकतील अशी.
मंगळवारी वर्गात कुणीसं म्हणालं, छान दिसतंय.
मी फळ्यावर प्रश्न लिहिला, वळले,
चेहरा पाटीसारखा कोरा ठेवून विचारलं, बोला.

रेडिएटर तेवढा खडखडत राहिला.
निएमीनं वही उघडली, नवीन पान,
पेन्सिलीला टोक केलं
आणि माझ्या हातांकडे बघू लागला.