बदली

अमरधामच्या शेडखाली मी जाळात लाल रंग शोधत होते.
हसू नका. अकरावीच्या पोरांना दर वर्षी दाखवते मी,
तारेच्या टोकावर चिमूटभर क्षार, बर्नरच्या निळ्यात धरायचा:
कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम लालभडक,
दिवाळीच्या काडेपेटीतला लाल तो हाच.
पण आईच्या अंगात ते असून असून किती?
दोन गुंजा, फार तर.
एवढ्यानं जाळ रंगत नाही, हेही मीच शिकवते.
आग पिवळी होती. लाकडाची असते तशी.

तक्त्यात दोघं एकाच उभ्या ओळीत,
वर कॅल्शियम, खाली स्ट्रॉन्शियम, अंगानं जरा थोराड.
हाड घडत असताना ते पाण्यातून येतं,
भाकरीतून, मेथीच्या जुडीतून,
आणि कॅल्शियमच्या पाटावर बसतं.
जाळी किंचित फुगते.
कुणी ऊठ म्हणत नाही.

आईलाही बसवलं होतं.
वेंगुर्ल्याकडची सुंद्रा, वय अठरा,
पंचवटीतल्या एका धर्मशाळेत, ताटातल्या तांदळावर
अंगठीनं लिहिलं: रजनी.
तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले.
नाव रेशनकार्डावर गेलं, गॅसच्या पुस्तकावर, मतदारयादीत,
शेवटी अमरधामच्या पावतीवर.
सुंद्रा म्हणून हाक मारणारं
नाशकात कुणी नव्हतंच.

सत्त्याण्णव साली कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टर बेदमुथांनी
तिची अक्कलदाढ काढली.
ती तिनं फेकू दिली नाही,
रुमालात बांधून आणली, बामच्या रिकाम्या बाटलीत ठेवली.
कशाला गं, म्हटलं,
तर म्हणाली, असू दे, खात नाही ना काही.

हाडं सारखी मोडतात, सारखी बांधतात,
दहा-बारा वर्षांत बरंचसं सामान बदलून टाकतात.
बावन्न वर्षं गंगापूर धरणाचं पाणी,
निफाडचा गहू, रविवार कारंज्यावरची भाजी:
आतून पार रजनी झाली असणार ती.
इनॅमलचं तसं नाही. एकदा घडलं की मिटलं.
अक्कलदाढेवरचं घडतं नवव्या-दहाव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत.
म्हणजे त्या बाटलीत तिकडची विहीर आहे,
उकड्या तांदळाची पेज, बांगड्याचा काटा,
आणि तो तिकडचा म्हातारा खडक,
ज्यात रुबिडियम अब्जावधी वर्षं विरत विरत
स्ट्रॉन्शियमच होत आलं, जरा जड वाणाचं.
पांडवलेणी ज्यात कोरली तो आपला काळा दगड
त्याच्यापुढे परवाचं पोर.
मोजता येतं हे. पाचव्या दशांशापर्यंत.
पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत यंत्र आहे,
त्यासाठी दाढ थोडी उगाळावी लागते.
पाकिटावर पत्ता लिहून ठेवला होता मी. तसाच आहे.

माहेर हा शब्द तिनं कधी वापरला नाही.
'थंय' म्हणायची फक्त.
थंय म्हणताना हात वर जायचा,
आणि तो दर वेळी वेगळी दिशा दाखवायचा.

रामकुंडावर गुरुजींनी विचारलं, नाव?
दादा म्हणाला, रजनी.
इथं अस्थी विरतात म्हणतात.
हाडातलं फॉस्फेट साध्या पाण्यात विरत नाही, त्याला आम्ल लागतं.
मी बोलले नाही.
दोरीला चुंबक बांधून नाणी शोधणारा एक पोरगा
गुडघाभर पाण्यात उभा होता,
त्याच्या पोटरीला पांढुरका ओघळ लागला
आणि त्यानं तो न बघताच धुतला.

दादा म्हणाला, ती दाढ आणलीस ना? घाल तीही.
मूठ पर्समध्येच होती माझी.
म्हटलं, राहिली घरी.

दुपारी बस स्टँडवर गेले.
सावंतवाडीची गाडी कधी, विचारलं.
खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला,
किती जण?