पट्ट्याचं सहावं भोक

त्रिमूर्ती चौकात चपला शिवणाऱ्याने
खिळा ठोकून पट्ट्याला टोकाकडे
आणखी एक भोक पाडलं.
म्हणाला, साहेब, तब्येत सुधारली.
मी दहा रुपये दिले.

सुधारलीच म्हणायची.
भिंतीतले लोक आता बोलत नाहीत,
बोलले तरी शेजारच्या गाळ्यातल्या रेडिओसारखे,
शब्द लागत नाहीत.
त्यांच्या जागी भूक राहायला आलीय.

पावणेदोनला उठवते.
अंबडला तिसरी पाळी तेव्हा चहा पीत असते,
मीही प्यायचो, लेथ बंद करून.
आता ओट्यापाशी, अंधारात,
गार भात, लोणच्याचा खार,
मग मुठीमुठीने चिवडा,
दाणे वाजू नयेत म्हणून तोंडात भिजवून.
पोट भरतं. भूक भरत नाही.
ती पोटात नाहीच,
त्या पिवळ्या गोळीत आहे,
जी साडेनऊला झोपवते
आणि अकरापर्यंत डोक्यावर ओलं पोतं टाकून ठेवते.

कुमुदताईने डब्याला कुलूप लावून पाहिलं.
तिसऱ्या रात्री मी साखर खाल्ली, नुसती, चमच्याने.
चौथ्या रात्रीपासून गोळी नळाखाली.
महिन्यात पट्टा सैल झाला
आणि भिंत बोलायला लागली,
माझ्या पूर्ण नावाने.

सिव्हिलमध्ये वजनकाटा दारामागे असतो,
वर फायलींचा गठ्ठा.
आवाज? – कमी आहेत.
झोप? – भरपूर.
पुढचा नंबर.
ताई स्टुलावरून उठलीच नाही.
आमच्या दादांना बेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली,
हा एक्केचाळीसचा आहे, म्हणाली,
आधी तो काटा काढा.
गठ्ठा खाली आला. कुणीतरी धूळ फुंकली.
चपला काढून उभा राहिलो,
गाभाऱ्यासमोर राहावं तसा.
एकशे चार.
मग रक्त काढलं. गोळीची वेळ अलीकडे आणली.

आता पावणेदोनला ताईही उठते.
दिवा लावते. भाजलेले हरभरे, काकडी.
बोलत नाही, जांभया देत
माझ्याबरोबर चार दाणे खाते.
ताट दिसत असलं की
कमी खाल्लं जातं, हे मला ठाऊक नव्हतं.

सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या.
काल एकोणसाठाव्या पायरीवर बसलो,
छातीत भाता, खाली हायवेचे ट्रक.
उद्या साठ, ताई म्हणाली.
बघू, म्हणालो.
माझं लक्ष खालच्या टपरीकडे होतं,
तिथे तर्रीला नुकती उकळी फुटली होती
आणि वास
एकोणसाठ पायऱ्या न दमता चढून आला होता.